आलेखातल्या दोन टेकड्या

"तुझ्या यंत्रानं वाचवलं गं ह्यांना," ताई म्हणाली, आणि पाण्याचा पेला माझ्या ओठांपाशी तसाच थांबला. दीड-दोन महिन्यांनी मी तिच्याकडे आले होते. रविवारची दुपार होती. भाऊजी घरी नव्हते, हेच आधी मला चमत्कारिक वाटलं होतं, कारण रविवारी भाऊजी नेहमी मागच्या खोलीत एखादी खुर्ची उलटी करून तिच्या पायांना पॉलिश करत बसलेले असायचे. "कामावर गेलेत," ताई म्हणाली. "कुठल्या कामावर?" "अगं, तुला सांगितलंच नाही का मी? त्या मोठ्या दुकानात, दाराशी पिशव्या ठेवून घेतात ना, तिथं. टोकन द्यायचं, टोकन घ्यायचं. बसून काम आहे. पॉलिश सोडलं त्यांनी. डॉक्टर म्हणाले, तीस वर्षं स्पिरिट हुंगलंत, आता छाती ऐकणार नाही. तो खोकला तुला माहितीच आहे. दोन पावलं चालले तरी धाप लागायची. पॉलिश सोडलं आणि तीन आठवड्यांत निम्मा खोकला गेला बघ. मी तर सगळ्यांना सांगते, बहिणीनं वेळेवर ते यंत्र दिलं म्हणून निभावलं, नाहीतर काय झालं असतं कुणास ठाऊक." बोलता बोलता तिनं मागच्या खोलीचं दार उघडलं. खोली धुऊन काढली होती. फळीवरचे डबे गेले होते. पॉलिशसाठी चपडा लाख स्पिरिटात भिजत घालायच्या बरण्या गेल्या होत्या, आणि जमिनीवर त्यांचे तपकिरी गोल तेवढे राहिले होते. खिडकी बंद होती. भिंतीवर उंच लावलेलं, हवा साफ करायचं ते पांढरं यंत्र रिकाम्या खोलीत एकटंच चालू होतं, आणि त्याच्या खालच्या फटीतून येणारा जांभळट उजेड ताईच्या केसांवर पडला होता. ती त्याच्याकडे घरातल्या वडीलधाऱ्या माणसाकडे बघावं तशी बघत होती.

मी पेला ठेवला.

ते यंत्र मी तपासलेलं होतं. म्हणजे तेच नव्हे, त्याचं पहिलं भावंड. मी ज्या कंपनीत काम करते तिथं एक स्टीलची खोली आहे, कपाटापेक्षा मोठी आणि न्हाणीघरापेक्षा लहान. तिच्यात आम्ही यंत्र ठेवतो, दार घट्ट लावतो, मोजून मापून वाईट हवा आत सोडतो आणि तासातासाला ती किती चांगली झाली ते बघतो. यंत्राच्या आत एक जाळी असते, तिच्यावर टायटॅनियमचा पांढरा लेप. लेपावर अतिनील दिव्याचा उजेड पडला की रंगांचे, गोंदाचे, नव्या फर्निचरचे जे वायू हवेत तरंगत असतात ते जाळीला चिकटून मोडतात. पूर्ण मोडले तर शेवटी पाण्याची वाफ आणि आपण उच्छ्वासातून सोडतो तोच वायू, एवढंच उरतं. गिऱ्हाइकाला आम्ही एवढंच सांगतो, आणि ते खोटं नाही. पण मोडणं एका दमात होत नाही. जिना उतरावा तसं ते पायरीपायरीनं होतं, आणि काही वायू मधल्याच पायरीवर जाळी सोडून पुन्हा हवेत येतात. दोन वर्षांपूर्वी मी हौसेनं, कुणी सांगितलं नसताना, त्या स्टीलच्या खोलीत स्पिरिटची वाफ सोडून पाहिली होती. स्पिरिटच का, असं कुणी विचारलं असतं तर मी लाजले असते. मी ताई-भाऊजींकडेच वाढले, आणि लहानपणापासून मला घराचा वास म्हणून तोच माहीत होता. तीन तासांनी आलेख आला. स्पिरिटची मोठी टेकडी खचत गेलेली, आणि तिच्या अलीकडे दोन बारीक टेकड्या नव्यानं उगवलेल्या. एक अ‍ॅसिटाल्डिहाइडची, दुसरी फॉर्मल्डिहाइडची. डोळे चुरचुरवणारे, घसा खरवडणारे, नको ते वायू. आम्ही जे घालवायचं म्हणून यंत्र विकत होतो, ते यंत्रच तयार करून देत होतं.

मी तो आलेख साहेबांकडे नेला. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून आलेख नीट पाहिला, मला शाबासकीही दिली, आणि मग म्हणाले, "पण घरात स्पिरिट कोण उडवतं? सेंट मारणारा एखादा, तेही दोन मिनिटं. आपण हवा साफ करायचं यंत्र विकतोय, दारूच्या गुत्त्यात लावायला नाही." खोलीतले सगळे हसले. मीही हसले. ते हसू मला आजही आठवतं, कारण त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर मागच्या खोलीतले भाऊजी होते आणि तरी मी हसले होते. अहवालात रंगाच्या थिनरचे आकडे गेले. ते उत्तम होते. खाली माझी सही गेली. दोन टेकड्यांचा कागद मी फाडला नाही. मी फाडणाऱ्यांतली नाही. मी तो एका फाइलमध्ये नीट लावून ठेवला, आणि ती फाइल कुठल्या कप्प्यात आहे ते मला झोपेतही सांगता आलं असतं.

ताई जेवायला वाढत होती आणि बोलत होती. मी घास गिळत होते. मी अकरा वर्षांची असताना आई गेली आणि ताईच्या लग्नात पाठराखीण म्हणून आले ती परत गेलेच नाही. नव्या नवरीबरोबर तिची धाकटी बहीण कायमची घरात येते हे किती जणांना रुचेल? भाऊजींनी पहिल्या दिवशी मला हाक मारली ती "चिमणे" अशी, आणि चाळिशी उलटली तरी ती हाक तशीच राहिली. त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून मी अभ्यास करायची. कापडात गुंडाळलेला कापसाचा बोळा ते स्पिरिट-लाखेत बुडवायचे आणि लाकडावर आठाच्या आकड्यासारखा फिरवायचे, फिरवायचे, फिरवतच राहायचे. लाकडाच्या पोटातून उजेड वर यायचा. "हे वाळतं म्हणजे जातं कुठं?" मी एकदा विचारलं होतं. "खिडकीतून," ते म्हणाले. "आणि खिडकीतून कुठं?" "ते तू शीक आणि मला सांग." मी शिकले. त्यांच्या हातांच्या जोरावर शिकले, रसायनशास्त्रात पहिली आले, आणि शिकून त्यांना काय सांगितलं? खिडकी बंद करा.

होय, मीच सांगितलं होतं. गेल्या थंडीत मला त्या चाचणीच्या खोलीचं प्रमुखपद मिळालं, तेव्हा कंपनीकडून एक यंत्र भेट मिळालं. ते मी माझ्या घरी न लावता इकडे आणलं. खोकं दोन्ही हातांत धरून मी मागच्या खोलीच्या दारात उभी राहिले. आतून तो ओला, गोडसर, नाकात शिरणारा वास आला, आणि मला आलेख आठवला. हे मी स्वतःपासून पुष्कळ दिवस लपवलं. आठवला नव्हता, कामाच्या गडबडीत ध्यानातून गेलं होतं, असं मी मनाशी घोकत होते. पण आठवला होता. डोळ्यांपुढून माशी जावी तेवढाच वेळ, पण स्पष्ट. दोन बारीक टेकड्या. आणि त्याच वेळी भाऊजींनी बोळा खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाले, "चिमणे, हे तू केलंस?" ताईनं शेजारणीला हाक मारली होती. शेजारीण चप्पल घालतच आली होती. सगळ्यांचे चेहरे असे फुललेले असताना मी काय म्हणणार होते? खोकं परत न्यायचं? मी स्वतःला सांगितलं की एवढ्याशा खोलीतल्या एवढ्याशा स्पिरिटानं काय होतं. खुर्चीवर चढून खिळे मी स्वतः ठोकले. शेजारीण म्हणाली, "खिडकी उघडी ठेवली तर चालतं का हो?" तेव्हा माहितीपत्रकातलं वाक्य माझ्या तोंडून आपसूक निघालं, "बंद ठेवली तर जास्त चांगलं काम करतं."

महिन्याभरात त्यांना खोकला सुरू झाला. फोनवर ऐकू यायचा. मी म्हणाले, डॉक्टरांना दाखवा. आणखी एकदा ताई म्हणाली, डोळ्यांतून पाणी येतं त्यांच्या, तेव्हा मी काय म्हणाले ते मला लिहितानाही नकोसं होतं. मी म्हणाले, "यंत्र जरा वरच्या नंबरावर चालव. दिवसभर चालू ठेव."

जेवण झाल्यावर मी ताईला म्हटलं, "थोडं स्पिरिट उरलंय का गं?" तिनं माझ्याकडे बघितलं. न्हाणीघराच्या माळ्यावर एक बाटली होती, त्यांनी टाकून दिली नव्हती. लाखेची पुडीही होती, तिच्याशेजारी जुन्या रुमालात बांधलेला बोळा. "हे काय करतेस?" "तपासायचंय काहीतरी." माझ्या गाडीत हवेचे नमुने घ्यायचा छोटा पंप होता आणि काचेच्या नळ्या होत्या. हातात धरायच्या मीटरचा स्पिरिटापुढे भरवसा नसतो, नमुना नळीत घेऊन प्रयोगशाळेतच बघावा लागतो. मी ताईला बाहेर बसवलं, दार लावलं, यंत्र बंद केलं, खिडकी बंदच ठेवली, आणि स्वयंपाकघरातलं एक स्टूल उलटं करून त्याला पॉलिश करायला बसले. त्यांच्यासारखा हात फिरेना. बोळा लाकडाला चिकटायचा, ओरखडे उठायचे. तासभर मी तशी घासत राहिले आणि पहिली नळी भरली. मग खिडकी उघडून खोली मोकळी केली, पुन्हा बंद केली, यंत्र चालू केलं आणि पुन्हा बसले. वीसेक मिनिटं काही वाटलं नाही. मग पापण्यांच्या कडा चुरचुरायला लागल्या. घशात केस अडकावा तसं व्हायला लागलं. मी खोकले. पुन्हा खोकले. ते सहा महिने रोज आठ-आठ तास इथं बसले होते, माझ्या हातच्या भेटीखाली, आणि बाहेर आले की लोकांना सांगत होते, आमच्या चिमणीनं केलंय हे. दाराबाहेरून ताईनं विचारलं, "बरी आहेस ना गं?" मी खोकतच दुसरी नळी भरू दिली. खोकला होता म्हणूनच दार उघडलं नाही, असं म्हणते मी.

नळ्यांचा निकाल दुसऱ्या दिवशी आला. यंत्र बंद असताना स्पिरिटची एकच टेकडी होती, उंच, प्रामाणिक. यंत्र चालू असताना ती निम्म्यानं खाली आलेली आणि शेजारी त्या दोघी, दोन वर्षांपूर्वीपेक्षा उंच, कारण ह्या वेळी समोर मोजून सोडलेली वाफ नव्हती, खरं काम करणाऱ्या माणसाची खोली होती. मी तो कागद किती वेळ धरून बसले ते आठवत नाही. एक मन म्हणत होतं, तीस वर्षं स्पिरिटात काढलीच होती त्यांनी, डॉक्टर काही अगदीच चुकीचं बोलले नाहीत, आता ते बरे आहेत, पॉलिश सुटलंय, यंत्र रिकाम्या खोलीत कुणाचं काय वाकडं करणार? सांगून काय मिळणार? ताईचा आनंद तेवढा जाईल. हे मन फार शहाणं होतं, त्याला शब्द चांगले सुचायचे. अहवालावर सही त्याचीच होती.

बुधवारी संध्याकाळी मी गेले. भाऊजी नुकतेच दुकानातून आले होते. अंगात निळा सदरा, खिशावर दुकानाचं नाव, आणि तो सदरा त्यांच्या खांद्यांवर दुसऱ्याचा वाटत होता. त्यांच्या बोटांचा तपकिरी रंग जाऊ लागला होता. नखांशी तेवढा राहिला होता. "ये चिमणे," ते म्हणाले आणि उठून मला खुर्ची दिली. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. नीट क्रम लावून ठेवला होता, पण तो विसरले आणि जाळी, दिवा, पायऱ्या असलं काहीबाही बोलत सुटले. ताई म्हणाली, "नीट सांग, मला काही कळत नाहीये." तेव्हा मी म्हणाले, "भाऊजींना खोकला यंत्रामुळे झाला. नुसतं स्पिरिट असतं तर इतका झाला नसता. यंत्र त्या स्पिरिटाचं दुसरंच काहीतरी करत होतं आणि खिडकी बंद होती."

ताई एकदम हसली, खोटं खोटं, मुलाच्या तोंडून वेडंवाकडं काही निघालं की हसतात तसं. "काहीतरीच काय! तुझंच तर यंत्र आहे ते."

भाऊजी हसले नाहीत. हात गुडघ्यांवर ठेवून ते बसले होते. "तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"परवा. नळ्या नेल्या तेव्हा."

ते माझ्याकडे बघत राहिले. ह्या माणसानं मला पाढे चुकताना धरलं होतं, खोटं बोलताना धरलं होतं, कधी रागावले नव्हते, नुसते असेच बघत राहायचे. "दोन वर्षांपूर्वी," मी म्हणाले. "कामावर पाहिलं होतं. इथं लावताना आठवलंही होतं. सगळे आनंदात होते, म्हणून बोलले नाही."

शेजारच्या घरात कुणीतरी कपाट सरकवत होतं. मग भाऊजी बोलले, माझ्याशी नव्हे, समोरच्या भिंतीशी बोलावं तसं. "तीस वर्षं खिडकी उघडी ठेवून काम केलं. थंडीत बोटं वाकायची नाहीत, तरी उघडी. माझ्या उस्तादानं शिकवलं होतं तसं. तू म्हणालीस म्हणून बंद केली." एवढं बोलून ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. आपटलं नाही. ताई माझ्याकडे वळली तेव्हा तिचा चेहरा म्हातारा दिसत होता. "मी सगळ्या गल्लीला सांगत फिरले गं," ती म्हणाली. "तुझं नाव घेऊन घेऊन सांगत फिरले." मग तिनं खुर्ची ओढली, चढली, यंत्र भिंतीवरून उपटून काढलं आणि माझ्या हातात दिलं. दोन खिळे भिंतीतच राहिले.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या टेबलावर तीन कागद ठेवले. जुना आलेख, नवा आलेख आणि एक पत्र. पत्रात लिहिलं होतं की पहिल्या अहवालात हे मी जाणूनबुजून गाळलं होतं. साहेब बराच वेळ बोलले. वाक्यं बरी होती, कुणालाच लागू नयेत अशी. पुढे बैठका झाल्या. वकील आले. मला चाचणीच्या खोलीवरून काढून कागदपत्रांच्या विभागात बसवलं. मी ते मुकाट्यानं घेतलं, आणि कबूल करते, शिक्षा मिळाली म्हणून आत कुठंतरी बरंही वाटलं. स्वस्तात सुटल्यासारखं. शेवटी यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत अकराव्या पानावर एक नवं वाक्य छापून आलं. ते वाक्य मी मिळवलं होतं. त्यासाठी मी चार बैठकांत भांडले होते. पुस्तिकेची पहिली प्रत हातात आली त्या दिवशी मी ती पर्समध्ये घातली.

मधल्या तीन महिन्यांत ताईचा फोन दोनदा आला. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "त्यांनी परत सुरू केलंय काम. दुकान सोडलं. डॉक्टरांनी दोन तास चालेल म्हटलंय, दारं-खिडक्या सताड उघड्या टाकून. धाप मात्र गेली नाही पूर्ण. जाणार नाही म्हणतात आता." मी विचारलं, "मी येऊ का?" "येऊ नको असं ते म्हणाले नाहीत," ताई म्हणाली. "ये असंही नाही म्हणाले. तुझं तू ठरव."

मी सकाळी गेले. ते मागच्या खोलीत एका मोठ्या टेबलाच्या फळीवर बोळा फिरवत होते. आठ-दहा हात मारले की थांबायचे, टेबलाच्या कडेला टेकून श्वास घ्यायचे, पुन्हा सुरू करायचे. पूर्वी ते थांबत नसत. मी दारातच उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं, मान हलवली, पुन्हा कामाला लागले. मी पर्समधून पुस्तिका काढली. "कंपनीनं छापलंय," मी म्हणाले. "आता प्रत्येक यंत्राबरोबर जाईल." माझ्या आवाजात थोडा अभिमान होता. तो मलाच ऐकू आला.

त्यांनी हात पुसले, पुस्तिका घेतली, लांब धरली, जवळ धरली. "बारीक आहे फार. तूच वाच."

मी वाचलं. "ज्या ठिकाणी अल्कोहोलयुक्त द्रावणांचा सातत्याने वापर होतो, तेथे यंत्राच्या कार्यक्षमतेत फरक पडू शकतो. अशा ठिकाणी पुरेसे वायुवीजन राखावे."

"परत वाच."

मी परत वाचलं. दुसऱ्यांदा प्रत्येक शब्द तोंडात वाळूसारखा लागला.

"फरक पडू शकतो म्हणजे काय?"

"म्हणजे... खोकला होईल. छातीला त्रास होईल."

"तसं लिहिलंय का?"

"नाही."

"हे माझ्या हातात असतं तर मी खिडकी उघडली असती का? मला वायुवीजन म्हणजे काय तेही तुलाच विचारावं लागलं असतं."

"नसती उघडली," मी म्हणाले.

"मग झालं नाही अजून तुझं काम," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. एखादी फळी हातात घेऊन, हिला अजून एक हात लागेल, असं ते पूर्वी म्हणायचे, तसंच म्हणाले. बोळा बुडवला, टेबलावर टेकवला, आणि फिरवायच्या आधी माझ्याकडे न बघताच म्हणाले, "दारात उभी राहू नकोस. वारा अडतोय."

मी बाजूला झाले आणि भिंतीला टेकून उभी राहिले.